मोकळी वाट

मागचं डावं चाक जॅकवर उचललेलं होतं. दादाने गिअर टाकून क्लच सोडला, तसं ते हवेत गरगर फिरू लागलं. जमिनीवरचं उजवं चाक मात्र ढिम्म. गाडी तसूभरही पुढे सरकली नाही.

"बघितलंस?" दादा खिडकीतून ओरडला. "एक चाक चिखलात गेलं की खेळ खलास. बाबांची गाडी म्हणून काय पुजत बसायची? शनिवारी भंगारवाला येतोय. तोवर काय दिवे लावायचे ते लाव."

"लावते," धाकटी बहीण म्हणाली.

तिने मागच्या आसावरची डिफरन्शियलची, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणारी पेटी उघडली. आत पातळ चकत्यांची चवड होती. दोन तळहात एकमेकांवर घट्ट दाबले, की एक हलवताना दुसराही ओढला जातो ना, तसंच या चकत्यांचं. एक चाक नुसतंच फिरू लागलं की त्या एकमेकींना धरतात आणि दुसऱ्या चाकालाही जोर देतात. पण बाबांनी वर्षानुवर्षं घाट चढून त्या पार गुळगुळीत केल्या होत्या. नव्या कुठे मिळेनात. मग तिने पोलादी चकत्या घासून सपाट, खरखरीत केल्या. बाकीच्यांवर नवं अस्तर चढवून घेतलं. झिजेची फट पातळ वॉशरनी भरली आणि सगळ्या चकत्या तेलात बुडवून ठेवल्या.

"लोणचं मुरतंय वाटतं," दादा जाता जाता म्हणाला.

शनिवारी भंगारवाला आला, तोवर तिने चकत्या पुन्हा पेटीत बसवल्या होत्या. "बघू तुझे दिवे," म्हणत दादाने तेच चाक पुन्हा जॅकवर चढवलं आणि तो गाडीत बसला. धाकटीने गाडीपुढचं स्टूल उचललं, हत्यारांची ट्रॉली भिंतीकडे ढकलली, गॅरेजचं शटर पूर्ण वर केलं.

"काका, टेम्पो दारासमोरून बाजूला घ्या. आणि तुम्ही इकडे माझ्यापाशी या."

दादाचा आवाज एकदम मऊ झाला. "शहाणी आहेस. गाडी ओढून न्यायला जागा लागणारच."

दादाने क्लच सोडला.

उजव्या चाकाने जमीन धरली. जॅक खणकन आडवा पडला, गाडी धप्पकन खाली आली आणि शटरखालून थेट अंगणात धावली. भंगारवाल्याने कानांवर हात ठेवले.

दादा उतरला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग तो हसत सुटला. "काका, गाडी द्यायची नाही!" आणि धाकटीकडे वळून म्हणाला, "अगं, ती जॅकवरून उडी मारणार, हे तुला ठाऊक होतं?"

"नाहीतर वाट कुणासाठी मोकळी केली, दादा?"