कोणतं जहाज चांगलं

मोजपट्टीकाकांनी सुपाचा पहिला चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला.

"आचाऱ्याला जरा बाहेर बोलवा," ते वाढणाऱ्या मुलीला म्हणाले.

टेबलावरच्या गप्पा थांबल्या. सूप खारट होतं. ते सगळ्यांनाच कळलं होतं, पण इतका वेळ सगळे मूग गिळून बसले होते. काका त्यातले नव्हते. दरवर्षी एखाद्या नव्या छोट्या जहाजावर जायचं आणि त्याला नावं ठेवायची, हा त्यांचा म्हातारपणचा उद्योग. उशी, टॉवेल, चहा, नोकरांची चाल, सगळ्याचं माप काढायचे. म्हणून तर पहिल्याच संध्याकाळी सहप्रवाशांनी त्यांचं हे बारसं केलं होतं.

त्यांच्या शेजारी बसलेल्या लेखिकेला मात्र ते देवासारखे भेटले होते. ती एका पर्यटन मासिकासाठी छोट्या जहाजांच्या कंपन्यांची तुलना लिहीत होती: सेवा कुणाची चांगली, जेवण कुणाचं, आणि पैसा वसूल कुठे होतो. दोन जहाजं करून झाली होती, हे तिसरं. पहिल्यावर वाढपी पांढरे हातमोजे घालायचे. पण तिला ताप आला तेव्हा साधं गरम पाणी खोलीत यायला दुपार उजाडली. "नाव सोनूबाई," काका म्हणाले होते, "मीही गेलोय त्यावर." दुसऱ्यावर बोटं चाटत राहावं असं जेवण होतं, पण कॉफीच्या दुसऱ्या कपाचेही वेगळे पैसे लावायचे. या तिसऱ्यावर खोलीचं दार लाटेसरशी आपोआप उघडायचं. तरी इथल्या आचाऱ्याच्या हाताला चव होती, आणि उद्या जहाज पक्ष्यांच्या बेटाला लागणार होतं. मोठी जहाजं तिथवर जाऊच शकत नाहीत. संपादकांनी मुखपृष्ठाची जागा त्या बेटाच्या फोटोसाठी राखून ठेवली होती.

आचारी बाहेर आला. चाळिशीचा, आडव्या अंगाचा माणूस. कोरडेच हात तो पुन्हा पुन्हा एप्रनला पुसत होता.

"माफ करा काका, मीठ दोनदा पडलं. दुसरं करून आणतो."

"सूप राहू द्या," काका हळू आवाजात म्हणाले. "घरी काय झालंय?"

आचारी म्हणाला, "सकाळी धाकट्या भावाचा फोन आला होता. आईचं काही खरं नाही म्हणाला."

"कप्तानबाईंना सांगितलंत?"

"सांगून काय करू? जहाज म्हणजे काय बस आहे, मध्येच उतरायला?"

कप्तानबाई पलीकडच्याच टेबलावर जेवत होत्या. त्या उठून आल्या. आचाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं आणि मग सगळ्यांकडे वळल्या.

"आत्ता मागे फिरलो तर उद्या सकाळी बंदरात पोचू," त्या म्हणाल्या. "पण मग बेट राहिलं. तुम्ही सगळे त्याच्यासाठीच आलाय, त्यामुळे एकानेही नको म्हटलं तरी मला जहाज वळवता येणार नाही. कुणी नको म्हणालं म्हणून त्याला कुणी बोल लावायचा नाही, हेही आत्ताच सांगते."

काकांचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग दोघी मैत्रिणींचा. दातांच्या डॉक्टरने बायकोकडे पाहिलं. दुर्बीण त्याने खास या सहलीसाठी घेतली होती. "पक्षी काय, पुढच्या वर्षीही असतील," बायको म्हणाली, आणि दोघांचे हात वर झाले. एकेक करत सगळ्यांचेच झाले.

लेखिकेचा तेवढा राहिला. बेटाशिवाय लेख लंगडा पडणार होता. संपादक काय बोलतील ते तिला इथे बसून ऐकू येत होतं. तिने काकांकडे पाहिलं. ते तिच्याकडे न बघता पावाचा तुकडा मोडत होते. आचारीही तिच्याकडे बघत नव्हता. मान खाली घालून बसला होता, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा.

तिने हात वर केला.

थोड्या वेळाने डावीकडच्या खिडक्यांतून येणारं ऊन उजवीकडच्या खिडक्यांतून येऊ लागलं. रात्रीचा स्वयंपाक आचाऱ्याला कुणी करू दिला नाही. डॉक्टरच्या बायकोने आणि वाढणाऱ्या मुलीने मिळून बटाटे उकडले, ते कच्चे राहिले, आणि सगळ्यांनी ते तक्रार न करता खाल्ले. काकांनीसुद्धा.

सकाळी बंदरात आचारी जवळजवळ उडी मारूनच उतरला. दुपारी कप्तानबाईंना त्याचा फोन आला. आईने त्याला ओळखलं होतं. डोळे मिटेपर्यंत ती त्याचा हात धरून होती.

लेखिका डेकवर आली तेव्हा काका कठड्याला रेलून उभे होते. ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"लेखाचं काय करू, काका? तुम्ही एवढी जहाजं पाहिलीत. तुमच्या मते चांगलं जहाज कोणतं?"

"तरुणपणी मी जहाजावर आचारी होतो," ते म्हणाले. "माझी आई गेली तेव्हा आमचं जहाज वळलं नाही. तेव्हापासून मी फक्त वळणारं एखादं जहाज असतं का, तेवढंच बघत फिरतोय."