उरलेल्या पुड्या

शर्वाणीच्या आईने उरलेल्या पुड्या टेबलावर ठेवल्या. "दुसऱ्या कुणाच्या लेकराला उपयोगी पडतील, डॉक्टर. वाया कशाला घालवायच्या?"

डॉ. खांबेट्यांना मान वर करवेना. शेंगदाण्याच्या कणानेही काही मुलांचा श्वास कोंडतो, आणि लठ्ठ मुलांना तो त्रास जास्त का होतो, हे शोधण्यात त्यांची बारा वर्षं गेली होती. त्यांच्या अभ्यासातल्या निम्म्या मुलांच्या रोजच्या पुडीत शेंगदाण्याची भुकटी असे, म्हणजे शरीराला हळूहळू सवय व्हावी. निम्म्यांच्या पुडीत नुसतं पीठ. कुणाला काय मिळतंय, हे आईबापांना ठाऊक नसे आणि डॉक्टरांनाही नसे. इतर काही मुलांना मधूनच पुरळ उठे, ओठ सुजत. गुबगुबीत शर्वाणीला वर्षभरात साधी खाजही सुटली नाही. "सोसायला लागलंय की हिला!" गेल्या तपासणीला खांबेटेच हसून बोलून गेल्या होत्या.

त्या एका वाक्याच्या भरवशावर आईने संक्रांतीला तिला शेजारणीकडचा तिळगूळ खाऊ दिला. त्यात दाण्याचं कूट होतं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

नियमाप्रमाणे आज सकाळी शर्वाणीच्या पुडीत काय होतं ते सांगणारं सीलबंद पाकीट उघडलं गेलं. आतल्या कागदावर एकच शब्द होता: पीठ. आईला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं.

"दोनदा तिने पुडी थुंकून टाकली होती. मी तुम्हाला सांगितलंच नाही," आई म्हणाली. "पण बरी होत होती ना हो ती?"

खांबेट्यांनी टेबलावरच्या त्या पाकिटावर तळहात ठेवला.

"होत होती," त्या म्हणाल्या, आणि त्या पिठाच्या पुड्या त्यांनी जपून कपाटात ठेवल्या.