हिरवे ठिपके

त्या दुपारी मी माहेरी बसूनच ऑफिसचं काम करत होते. आई खुर्चीमागे चहा पीत, माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनकडे बघत उभी होती. "सगळे ठिपके हिरवे आहेत की! मग डोकं धरून का बसलीस?" मी सांगितलं, प्रोग्रॅम सुरू आहे एवढं कळलं की ठिपका हिरवा होतो, आत तो अडकून पडलाय, एकही ऑर्डर घेत नाहीये, हे ठिपक्याला कळत नाही.

"मग पगार कसला घेता, रंगकामाचा?" म्हणत ती कप विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई उठलीच नाही.

कामावर परतल्यावर मी ती तपासणी बदलली. आता प्रोग्रॅमला "सुरू आहेस का?" असं विचारत नाही, एक लुटुपुटीची ऑर्डर देते, आणि ती पार पडली तरच ठिपका हिरवा. थोड्याच वेळात निम्मा स्क्रीन लाल झाला. "ताई, बरं चाललं होतं ना सगळं," शेजारचा सहकारी कुरकुरला.

संध्याकाळी बाबांना फोन लावला. रोज मी "बरे आहात ना?" विचारते, ते "बरा आहे, तू?" म्हणतात, मी "बरी आहे" म्हणते आणि आम्ही दोघंही सुटतो. आज विचारलं, "बाबा, दुपारी काय जेवलात?"

ते म्हणाले, "आधी तू सांग. तू काय जेवलीस?"



"काही नाही, बाबा. मला आई हवी आहे."