स्टिल

सिस्टरने घरी जाण्याचे कागद हातात दिले, तेव्हा मुलीच्या नोंदीपुढे इंग्रजीत दोन शब्द दिसले: 'स्टिल बर्थ'. शर्वरी शाळेत पाचवीला इंग्रजी शिकवायची. 'स्टिल' म्हणजे 'अजून', असं तिनेच मुलांना कितीदा सांगितलं होतं. अजून जन्म व्हायचाय? तिचा हात नकळत पोटाकडे गेला. पोट रिकामं होतं.

मग दुसरा अर्थ आठवला. निश्चल. परवा नवऱ्याने दुपट्यात गुंडाळलेली लेक एकदाच तिच्या कुशीत ठेवली होती. नाक अगदी त्याच्यासारखं होतं, पण छाती हलत नव्हती.

"सिस्टर, इथे नाव लिहायचं राहिलंय."

"ताई, अशा बाळाचं नाव नाही लिहीत," सिस्टर हळू आवाजात म्हणाली. "जिवंत जन्मली नाही ना ती."

"तरीही जन्मली ना?" शर्वरी म्हणाली, आणि बोलता बोलता तिला कळलं, की 'तरीही' हाही 'स्टिल'चाच अर्थ आहे.

सिस्टरने खिशातलं पेन काढून पुढे केलं. शर्वरीने कागदावर 'जुई' लिहिलं आणि दोन दिवस अडून राहिलेलं रडू एकदम फुटलं.