सीटखालची फॉइल

"तुमची एकही फेरी नोंदली गेलेली नाही," पंच स्क्रीनकडे बोट दाखवत म्हणाले.

"अख्ख्या मैदानानं मला पहिली येताना पाहिलंय!" अश्लेषानं हेल्मेट टेबलावर आपटलं.

"मैदानानं पाहून चालत नाही. मोटरसायकलवरच्या ट्रान्सपॉन्डरचा सिग्नल आला, तरच फेरी धरतात."

पहिला नंबर आता तिच्या मागून आलेल्या रणधीरला, तिच्या सख्ख्या भावाला मिळणार होता. तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे गं. मशीन आहे, व्हायचंच. पुढच्या वर्षी बघू."

त्याचा हात झटकून ती गाडीपाशी गेली आणि तिनं सीट उचकटली. ट्रान्सपॉन्डर जागेवरच होता, पण त्याला स्वयंपाकघरातल्या फॉइलचे घट्ट वेढे दिलेले होते. त्यातून सिग्नल बाहेर पडणं शक्यच नव्हतं. सकाळी तो रणधीरनंच बसवला होता. "तू फक्त चालव, बाकी मी बघतो," असं म्हणून. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

ट्रान्सपॉन्डर फॉइलसकट काढून, तसाच मुठीत धरून ती पंचांकडे निघाली, तर वडील आडवे आले. "पोरी, भाऊ आहे तुझा. घरातली गोष्ट घरात मिटवू."

"शर्यत घरात झाली नव्हती, आबा."

त्यांना ओलांडून तिनं ते पुडकं पंचांपुढे ठेवलं.

"तक्रार कुणाविरुद्ध?" त्यांनी विचारलं.

अश्लेषानं भावाचं पूर्ण नाव सांगितलं. मोठ्यानं, आबांच्या नावासकट.