ठिपका
लेकीचे बूट आईला मोठे होत होते, म्हणून तिने पुढे शिवणकामातल्या चिंध्या कोंबल्या होत्या. शर्यतीसाठी वर्षभर घाम गाळला होता तो लेकीने. आईचा सराव म्हणजे जन्मभर मारलेलं शिलाई मशीन. अपघातात पाय गेल्यापासून लेक कुणाशी बोलत नव्हती. आज दवाखान्यात पडल्यापडल्या मोबाइलमधल्या नकाशाकडे बघत होती. बुटाला बांधलेला ट्रॅकर पुढे गेला की नकाशावर तिच्या नावाचा ठिपका सरकायचा. लेकीच्या जागी धावणारी आई अर्ध्या वाटेतच मटकन बसली. बूट काढला, तर चिंध्या रक्ताने भिजलेल्या. मागे पडलेल्यांना उचलणारी गाडी थांबली. ड्रायव्हर म्हणाला, “मावशी, हट्ट पुरे. बसा आत.” तिने दार धरलं आणि फोन वाजला. “आई, माझा ठिपका का थांबलाय?” दार सोडून, सुजलेला पाय बुटात कोंबत आई म्हणाली, “थांबलाय कुठे गं? लेस सुटली होती, बांधतेय.”