यादीतली तेरावी

सिंथेसिसला जागा बाराच, आणि गुणांच्या यादीत त्रिवेणी तेरावी. वरच्या बाराही जणांनी पहिली पसंती सिंथेसिसलाच दिली होती. त्यांत पहिली अर्थातच स्नेहा. कुठेही बघा, पहिली अर्थातच स्नेहा.

एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला दोन पेपरांतून एक घ्यायचा होता. सिंथेसिस म्हणजे रोज सहा तास लॅबमध्ये उभं राहायचं, कपड्यांना वास आणि दर शनिवारी रेकॉर्ड. पण उन्हाळ्यात औषधांच्या कंपनीत काम मिळायचं. क्वांटम म्हणजे आठवड्याला चाळीस गणितं. त्रिवेणीने गणितात आधीच एकदा गटांगळी खाल्ली होती. क्वांटम मिळालं की वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं की वडील गौलीगुड्याच्या दुकानात बसवणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कॉलेजचा मेसेज काल संध्याकाळीच सगळ्यांना आला होता. पसंती बदलायची असेल तर उद्या पाचच्या आत आपल्या फोनवरून या नंबरला मिस्ड कॉल द्या, दर कॉलला पहिली दुसरी होईल, दुसरी पहिली. कुलदीपने घाबरून दोनदा दिला आणि होता तिथेच राहिला. वर्ग ग्रुपवर रात्रभर त्याच्यावर हसत होता.

सकाळी त्रिवेणी आणि स्नेहा हिमायतनगरच्या इराणी हॉटेलात चहाला बसल्या.

“तुला सिंथेसिसच हवंय ना? नक्की?” स्नेहाने विचारलं.

“हौ. पाहिजे म्हणून मिळतंय थोडंच.”

“मला काय गं, मला दोन्ही सारखेच.”

सारखेच म्हणे. त्रिवेणीच्या अंगाचा तिळपापड झाला. पुण्याहून येऊन दोन वर्षं झाली नाहीत, आणि या पोरीने काय म्हणून हिसकावलं नव्हतं? रोहन आधी त्रिवेणीच्या ओळखीचा, आता तो नोट्स मागायला हिच्याकडे जातो. घरी आली की आईसुद्धा गरम भाकरी आधी हिच्या ताटात वाढते. “खा गं बाळ, किती वाळलीस.” पोटची पोरगी समोर बसलेली असते, ती काय फुगलीय?

स्नेहाने फोन कानाला लावला आणि लगेच खाली ठेवला.

“कुणाला?”

“कुणाला नाही.” ती गालातल्या गालात हसली.

रोहनला असणार. दुसरं कोण? त्रिवेणीने बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं.

दुपारच्या प्रॅक्टिकलला फोन आत नेऊ देत नाहीत. सगळ्यांच्या बॅगा बाहेर व्हरांड्यातल्या फळीवर असतात. पावणेचारला त्रिवेणी हात धुऊन बाहेर आली. स्नेहा आत ब्यूरेटपुढे डोळे बारीक करून उभी होती. तिचं काम अजून अर्धा तास तरी चालणार होतं.

स्नेहाच्या फोनला लॉक नसतो. असेल कशाला, हिला जगात कुणाची भीती? त्रिवेणीने आपल्या फोनवरचा नंबर बघून एकेक आकडा दाबला. एक रिंग वाजली आणि पलीकडून कट झालं. तिने फोन होता तसा बॅगेत सरकवला आणि चेन लावली.

वाईट वाटलं का? वाटलं, पण थोडंच. स्नेहा क्वांटमलाही पहिलीच येणार होती. तिला दोन्ही सारखेच.

साडेपाचला सुजाता मॅडमनी बोर्डावर याद्या लावल्या. त्रिवेणी मागे रेंगाळत होती, तर स्नेहाच तिचा हात धरून ओढत निघाली.

“चल ना, तुला एक गंमत दाखवायचीय.”

गंमत. त्रिवेणी तिच्यामागून गेली. गर्दीतून वाट काढत दोघी बोर्डासमोर पोचल्या. क्वांटमची यादी छोटी होती. तिच्यात सर्वांत वर त्रिवेणीचं नाव होतं. सिंथेसिसच्या यादीत बारा नावं होती, सर्वांत वर स्नेहा.

स्नेहाने दोन्ही याद्या वाचल्या, पुन्हा वाचल्या. तिने धरलेला हात सोडला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

“असं कसं झालं गं, त्रिवेणी? मी तर सकाळीच, चहा घेताना, तुझ्यासमोर मिस्ड कॉल दिला होता.”